लाउरा बास्सी

लाउरा मारिया कातेरिना बास्सी (ऑक्टोबर १७११, बोलोन्या – २० फेब्रुवारी १७७८, बोलोन्या) या इटलीतील भौतिकशास्त्रज्ञ व अध्यापिका होत. इंग्रजी वळणाने त्यांचे नाव ‘लॉरा बासी’ असेही लिहिले जाते. १७३२ साली बोलोन्या विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान विषयातील डॉक्टर ही पदवी दिली आणि त्याच वर्षी वेतनासह व्याख्यातेपदही दिले. यूरोपातील विद्यापीठात वेतन घेऊन अध्यापनपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

मात्र या नेमणुकीला एक अट जोडलेली होती. स्त्री असल्याकारणाने वरिष्ठांची आज्ञा झाल्याखेरीज त्यांनी जाहीर व्याख्यान देऊ नये, असे ठरविण्यात आले होते. त्यामुळे पद, मान आणि वेतन मिळूनही नियमित अध्यापनाचा अधिकार त्यांना मिळाला नाही. पुढील सुमारे चार दशके त्यांनी हा अधिकार निरनिराळ्या मार्गांनी मिळविला. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या घरी प्रयोगशाळा उभारली, विज्ञानसंस्थेत निबंधवाचन केले आणि अधिकाऱ्यांकडे चिकाटीने अर्ज केले. अखेर १७७६ साली त्यांना प्रायोगिक भौतिकीचे अध्यासन प्राप्त झाले.

पार्श्वभूमी : बोलोन्या विद्यापीठ

बास्सी यांच्या जीवनातील घटनांचा अर्थ लागण्यासाठी त्या काळच्या बोलोन्या विद्यापीठाची घडण समजून घेणे आवश्यक आहे. उत्तर इटलीतील हे विद्यापीठ यूरोपातील सर्वांत जुने मानले जाते. त्याच्या स्थापनेचे वर्ष परंपरेने १०८८ धरले जाते. हे वर्ष एकोणिसाव्या शतकात, आठव्या शताब्दीच्या समारंभाच्या निमित्ताने निश्चित करण्यात आले. राजाच्या किंवा धर्मपीठाच्या एखाद्या आज्ञापत्राने हे विद्यापीठ जन्मास आले नाही. रोमन कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले विद्यार्थी आणि त्यांना शिकविणारे इर्नेरियस यांच्यासारखे कायदेपंडित यांच्या एकत्र येण्यातून ते हळूहळू आकारास आले.

परक्या शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वसंरक्षणासाठी आपले संघ स्थापन केले. आल्प्स पर्वतापलीकडून आलेल्यांचा एक आणि अलीकडच्या प्रदेशांतून आलेल्यांचा दुसरा, असे दोन मोठे संघ होते. हे संघ आपला रेक्टर स्वतः निवडीत. आरंभीच्या काळात अध्यापकांचे मानधनही विद्यार्थीच देत आणि वेळ न पाळणाऱ्या अध्यापकाला दंड करीत. पुढे शहराने अध्यापकांना वेतन देण्यास सुरुवात केली आणि सत्ता क्रमाक्रमाने विद्यार्थ्यांकडून नगरशासनाकडे गेली. पदवी देण्याचा अधिकार विद्यार्थिसंघांकडे कधीच नव्हता. तो डॉक्टरांच्या मंडळांकडे, म्हणजे त्या त्या विद्याशाखेतील पदवीधर पंडितांच्या सभांकडे असे. १२१९ साली पोप तिसरे होनोरियस यांनी या पदवीदानाला बोलोन्याच्या मुख्य चर्चमधील आर्चडीकनची संमती आवश्यक केली.

१५०६ नंतर बोलोन्या शहर पोपच्या राज्यात सामील झाले. तेव्हापासून शहराचा कारभार पोपचा प्रतिनिधी आणि स्थानिक उमराव घराण्यांची सिनेट या दोघांच्या समन्वयाने चाले. व्याख्यात्यांची नेमणूक, त्यांचे वेतन व वेतनवाढ हे विषय सिनेटच्या हाती होते. दर वर्षी व्याख्यात्यांची नामावली प्रसिद्ध होत असे. १५६३ साली आर्किजिन्नासियो ही भव्य इमारत पूर्ण झाली आणि तोवर शहरभर विखुरलेले कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान इत्यादींचे वर्ग एका छताखाली आले. जाहीर व्याख्याने येथे होत. त्याशिवाय आपल्या राहत्या घरी विद्यार्थ्यांना शिकविण्याची जुनी प्रथाही अध्यापकांत रूढ होती. बास्सी यांच्या आयुष्यात या प्रथेला पुढे मोठे महत्त्व आले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठाला उतरती कळा लागली होती. अभ्यासक्रम ॲरिस्टॉटल व गेलेन यांच्या ग्रंथांभोवती फिरत होता आणि दूरदेशींचे विद्यार्थी कमी झाले होते. लुईजी फेर्दिनान्दो मार्सिली या बोलोन्याच्या सेनानी व निसर्गाभ्यासकाने विद्यापीठाच्या सुधारणेची योजना मांडली. परंतु ती स्वीकारली गेली नाही. तेव्हा त्यांनी आपली उपकरणे व संग्रह शहराला देऊन विज्ञानसंस्था ही स्वतंत्र संस्था उभी केली. पोज्जी प्रासादात १७१४ साली तिचे उद्घाटन झाले. विद्यापीठात ग्रंथांवर व्याख्याने होत, तर विज्ञानसंस्थेत उपकरणांच्या साहाय्याने प्रयोग करून दाखविले जात. संस्थेला जोडून विद्वानांची एक अकादमीही होती. अशा रीतीने एकाच शहरात विद्येची दोन केंद्रे निर्माण झाली. बास्सी यांचा या दोहोंशी संबंध आला.

जन्म, कुटुंब व शिक्षण

लाउरा यांचा जन्म १७११ च्या ऑक्टोबर महिन्यात बोलोन्या येथे झाला. वडील ज्युसेप्पे बास्सी हे वकील होते. आईचे नाव मारिया रोझा चेझारी. कुटुंब मध्यम स्थितीतील होते. उमराव घराण्यांत त्याची गणना नव्हती. या दांपत्याच्या अपत्यांपैकी लाउरा याच जगल्या.

त्या काळी मुलींना विद्यापीठात किंवा त्यासाठी तयारी करून घेणाऱ्या शाळांत प्रवेश नसे. मुलीचे शिक्षण झाले तर ते घरीच होई आणि तेही वडिलांची इच्छा असेल तरच. लाउरा यांना लहानपणी लोरेन्झो स्तेगानी या नात्यातील धर्मोपदेशकाने लॅटिन, फ्रेंच व गणित शिकविले. लॅटिनवर त्यांनी लवकरच प्रभुत्व मिळविले. हे यश साधे नव्हते. विद्यापीठातील व्याख्याने, परीक्षा व वादसभा लॅटिनमध्येच चालत असल्याने लॅटिन न येणाऱ्याला विद्येचे द्वार बंदच असे.

बास्सी कुटुंबाचे वैद्य गाएतानो ताक्कोनी हे विद्यापीठात अध्यापक होते. घरी येणे-जाणे असल्याने या मुलीची बुद्धिमत्ता त्यांच्या ध्यानात आली. वडिलांच्या संमतीने त्यांनी तिला तर्कशास्त्र, सत्तामीमांसा आणि निसर्गतत्त्वज्ञान शिकविण्यास आरंभ केला. तेराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत, सुमारे सात वर्षे, हे अध्ययन चालले. ही गोष्ट आरंभी घराबाहेर फारशी ठाऊक नव्हती. पुढे ताक्कोनी यांनी काही विद्वानांना घरी बोलावून आपल्या शिष्येशी चर्चा करावयास लावली आणि तिची कीर्ती शहरात पसरू लागली.

याच सुमारास, १७३१ साली, प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी हे बोलोन्याचे आर्चबिशप म्हणून आले. ते मूळचे बोलोन्याचेच असून विद्येचे चाहते होते. आपल्या शहराच्या विद्यापीठाला गेलेली प्रतिष्ठा परत मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. बास्सी यांचे वादकौशल्य पाहून त्यांनी त्यांना जाहीर परीक्षेला बसण्यास प्रोत्साहन दिले. हेच लाम्बेर्तिनी १७४० साली पोप चौदावे बेनेदिक्त झाले. बास्सी यांच्या जीवनातील अनेक निर्णायक प्रसंगी त्यांचे साहाय्य झाले.

१७३२ : वादसभा, पदवी आणि नेमणूक

१७३२ हे वर्ष बास्सी यांच्या आयुष्यातील सर्वांत गजबजलेले वर्ष ठरले. २० मार्च रोजी विज्ञानसंस्थेच्या अकादमीने त्यांना मानद सदस्यत्व दिले. १७ एप्रिल रोजी नगरशासनाच्या प्रासादात त्यांची जाहीर वादसभा झाली. तीत त्यांनी तर्कशास्त्र, सत्तामीमांसा, भौतिकी आणि आत्मा या विषयांवरील ४९ प्रतिपाद्य विधानांचे मंडन केले. विद्यापीठातील अध्यापकांनी लॅटिनमध्ये आक्षेप घ्यावेत आणि उमेदवाराने तेथल्या तेथे लॅटिनमध्येच त्यांचे निरसन करावे, असे या सभेचे स्वरूप असे. आपल्याकडील शास्त्रार्थाशी या पद्धतीचे साम्य आहे. पोपचा प्रतिनिधी, आर्चबिशप, सिनेटचे सदस्य आणि नगरातील स्त्री-पुरुष यांच्या उपस्थितीत ही सभा पार पडली. त्या वेळी बास्सी अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

१२ मे १७३२ रोजी त्याच प्रासादात त्यांना तत्त्वज्ञानाची डॉक्टर पदवी विधिपूर्वक देण्यात आली. ग्रंथ, अंगठी, मौल्यवान केसाळ कातड्याचा छोटा अंगरखा आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट ही डॉक्टरपदाची चिन्हे होत. बास्सी यांच्यासाठी हा मुकुट चांदीचा घडविला होता. त्यांच्या सन्मानार्थ कविता रचल्या गेल्या आणि एक पदकही पाडण्यात आले.

यापूर्वी इटलीत अशी पदवी मिळविणाऱ्या स्त्रीचे प्रसिद्ध उदाहरण एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांचे होते. १२२२ साली स्थापन झालेल्या पादुआ विद्यापीठाने त्यांना २५ जून १६७८ रोजी तत्त्वज्ञानाची पदवी दिली होती. त्यांचा मूळ अर्ज धर्मशास्त्राच्या पदवीसाठी होता. परंतु पादुआच्या बिशपांनी त्यास हरकत घेतल्याने तत्त्वज्ञानाचा मार्ग काढण्यात आला. त्यानंतर मात्र पादुआने स्त्रियांसाठी हा मार्ग पुन्हा बंद केला. कोर्नारो यांनी विद्यापीठात कधी अध्यापन केले नाही. बोलोन्याने बास्सी यांच्या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले.

जून महिन्यात बास्सी यांनी आर्किजिन्नासियो येथे आणखी एका वादसभेत १२ विधानांचे मंडन केले. या वेळचा मुख्य विषय पाणी हा होता. व्याख्यातेपदासाठीची पात्रता सिद्ध करणे हा या सभेचा हेतू होता. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सिनेटने त्यांची तत्त्वज्ञानाच्या व्याख्यात्या म्हणून वार्षिक ५०० लिरे वेतनावर नेमणूक केली. डिसेंबरमध्ये त्यांनी आपले पहिले जाहीर व्याख्यान दिले.

नेमणुकीतील अट

नेमणुकीच्या ठरावातच वर सांगितलेली अट घातली होती. व्याख्यात्यांच्या वार्षिक नामावलीत बास्सी यांचे नाव येई आणि वेतनही मिळे. परंतु इतर व्याख्यात्यांप्रमाणे ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी आर्किजिन्नासियोत जाऊन शिकविण्याची मुभा त्यांना नव्हती.

सिनेटच्या दृष्टीने या नेमणुकीचा हेतू मर्यादित होता. विदुषी तरुणी हे शहराचे भूषण होते. थोर पाहुणे शहरात आले, एखादा समारंभ असला किंवा कार्निव्हलच्या दिवसांत जाहीर शवविच्छेदन व्हायचे असले, म्हणजे बास्सी यांना बोलाविले जाई. आर्किजिन्नासियोतील शारीरविज्ञानाच्या लाकडी नाट्यगृहात होणारा हा शवविच्छेदनाचा कार्यक्रम विद्यापीठाच्या वर्षातील मोठा सोहळा असे. प्रेक्षकांत परदेशी प्रवासी आणि मुखवटे घातलेले नागरिकही असत. तेथे चालणाऱ्या वादविवादांत बास्सी १७३४ पासून भाग घेऊ लागल्या.

बास्सी यांना मात्र शोभेचे स्थान पुरेसे वाटत नव्हते. पदवीनंतर त्यांनी अध्ययन थांबविले नाही. गाब्रिएले मान्फ्रेदी या गणितज्ञांकडे त्यांनी उच्च गणिताचे धडे घेतले. न्यूटन यांचे ग्रंथ समजण्यासाठी या गणिताची गरज होती आणि इटलीत ते जाणणारे लोक त्या काळी थोडेच होते. ताक्कोनी यांची मते जुन्या परंपरेतील होती. शिष्या नव्या भौतिकीकडे वळली, तेव्हा गुरु-शिष्यांत अंतर पडत गेले.

विवाह आणि संसार

७ फेब्रुवारी १७३८ रोजी बास्सी यांनी ज्युसेप्पे वेरात्ती यांच्याशी विवाह केला. वेरात्ती हे वैद्य असून विद्यापीठात व्याख्याते होते. विजेचा वैद्यकातील उपयोग हा त्यांच्या आवडीचा विषय होता. बास्सी यांच्या विवाहाची वार्ता ऐकून शहरातील अनेकांना धक्का बसला. त्यांची प्रतिमा विद्येला वाहून घेतलेली कुमारिका अशी रंगविली गेली होती आणि ती प्रतिमा मोडल्याचा राग काहींनी उपहासात्मक पद्ये लिहून व्यक्त केला.

बास्सी यांचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. आपल्या अध्ययनाच्या आड न येता त्यास साहाय्य करील असा जोडीदार आपण निवडला, असे त्यांनी एका परिचित विद्वानाला पत्राने कळविले होते. विवाहाचा एक व्यावहारिक लाभही होता. अविवाहित तरुणीने पुरुष विद्वानांना व विद्यार्थ्यांना घरी बोलाविणे तत्कालीन समाजात निंद्य ठरे. विवाहित स्त्रीच्या घरी, पतीच्या उपस्थितीत, अशी बैठक भरविण्यास कोणाची हरकत नसे. बास्सी-वेरात्ती यांचे घर थोड्याच काळात विद्वानांच्या भेटीचे ठिकाण बनले.

त्यांच्या आठ अपत्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळतात. त्यांपैकी पाच जगली. वारंवारची बाळंतपणे, मुलांचे आजार व मृत्यू आणि स्वतःची नाजूक प्रकृती सांभाळत त्यांनी आपले वैज्ञानिक कार्य चालू ठेवले.

घरातील प्रयोगशाळा

विवाहानंतरच्या काळात बास्सी यांनी नियमित अध्यापनाच्या परवानगीसाठी प्रयत्न केले. परंतु जाहीर व्याख्यानांवरील बंधन उठले नाही. तेव्हा घरी शिकविण्याच्या जुन्या प्रथेचा त्यांनी आधार घेतला. सिनेटची अट जाहीर व्याख्यानांपुरती होती. घरातील अध्यापनाला ती लागू होत नव्हती.

१७४९ पासून त्यांनी आपल्या घरी प्रायोगिक भौतिकीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्या वेळी या विषयाला योग्य स्थान नव्हते. विज्ञानसंस्थेत प्रयोग दाखविले जात. परंतु त्यांचे दिवस मोजके असत. बास्सी यांच्या घरी वर्षातील बहुतेक महिने वर्ग चालत. न्यूटनचे प्रकाशाविषयीचे प्रयोग, यामिकी, द्रवांचे व वायूंचे गुणधर्म आणि वीज हे विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपकरणांवर शिकता येत. इटलीबाहेरचे विद्यार्थीही या वर्गांना येत असत.

या कामाला खर्च मोठा होता. काचेचे लोलक, भिंगे, वायुपंप, विद्युत्‌यंत्रे ही उपकरणे महाग असून बास्सी दांपत्याला ती स्वतःच्या मिळकतीतून घ्यावी लागत. बास्सी यांनी हा खर्च पुढे करून सिनेटकडे वेतनवाढीची मागणी केली. आपले घरचे वर्ग ही शहराची सार्वजनिक सेवा आहे, हा त्यांच्या अर्जांचा मुख्य मुद्दा असे. सिनेटने तो कालांतराने मान्य करून त्यांचे वेतन वाढविले. उत्तरायुष्यात त्यांचे वेतन विद्यापीठातील सर्वाधिक वेतनांपैकी एक होते. जाहीर अध्यापनाचा अधिकार नाकारणाऱ्या सिनेटने अशा प्रकारे त्यांच्या प्रत्यक्ष अध्यापनाला मान्यता दिली.

१७६६ मध्ये माँताल्तो महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रायोगिक भौतिकी शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक केली. पोप पाचवे सिक्स्तुस यांनी स्थापन केलेली ही संस्था मार्के प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी होती.

‘बेनेदिक्तिनी’ सदस्यत्व

पोप झाल्यानंतरही चौदावे बेनेदिक्त यांचे बोलोन्याकडे लक्ष होते. विज्ञानसंस्थेच्या अकादमीचे काम मंदावलेले पाहून त्यांनी १७४५ साली २४ वेतनधारी सदस्यांचा एक वर्ग निर्माण केला. या सदस्यांना त्यांच्या नावावरून बेनेदिक्तिनी असे म्हणत. प्रत्येकाने दर वर्षी निदान एक संशोधननिबंध अकादमीपुढे वाचला पाहिजे, असे त्यांच्यावर बंधन होते.

या २४ जणांत बास्सी यांचे नाव नव्हते. त्यांनी रोममधील बोलोन्याच्या वकिलातीत काम करणाऱ्या फ्लामिनियो स्कार्सेल्ली यांच्यामार्फत आपली बाजू पोपपर्यंत पोहोचविली. एका स्त्रीला या वर्गात घेण्यास काही सदस्यांचा विरोध होता. पोपनी मध्यम मार्ग काढला. २४ जागा कायम ठेवून बास्सी यांच्यासाठी पंचविसावी जागा निर्माण करण्यात आली. मात्र सदस्यांच्या निवडीत मत देण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही.

ही जागा अपुऱ्या हक्कांची असली तरी बास्सी यांच्या दृष्टीने मोलाची होती. मानद सदस्यावर कोणतेही बंधन नसते आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षाही नसते. बेनेदिक्तिनी सदस्याला दर वर्षी काम करून दाखवावेच लागे. या बंधनामुळे बास्सी यांना आपले संशोधन विद्वानांच्या सभेत मांडण्याचा नियमित प्रसंग प्राप्त झाला आणि त्यांनी तो अखेरपर्यंत पाळला.

संशोधन व लेखन

बास्सी यांनी अकादमीपुढे एकंदर ३१ निबंध वाचले. हवेचे संपीडन, द्रवांतील बुडबुडे, जलप्रवाह, यामिकी, प्रकाश, उष्णता आणि वीज असे त्यांचे विषय होते. यांपैकी बहुतेक निबंध आज उपलब्ध नाहीत. काहींची केवळ शीर्षके उरली आहेत. अकादमीच्या लॅटिन वृत्तग्रंथांत त्यांचे केवळ चार लेख छापले गेले. त्यांतील एक हवेच्या संपीडनाविषयी, एक जलमापनाविषयी, एक यामिकीतील प्रश्नाविषयी आणि एक द्रवांत मिसळलेल्या हवेविषयी आहे. शेवटचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

हवेच्या संपीडनावरील अभ्यासात त्यांनी बॉयल यांच्या नियमाची पडताळणी केली आणि हवेतील दमटपणामुळे प्रयोगाच्या फलितांत पडणाऱ्या फरकाकडे लक्ष वेधले. जलप्रवाहाचा विषय बोलोन्यात केवळ सैद्धान्तिक नव्हता. पो नदीच्या खोऱ्यातील पूर आणि रेनो नदीचे पात्र हे त्या प्रदेशापुढील जुने प्रश्न होते आणि विद्यापीठातील गणितज्ञांना त्यासाठी वारंवार पाचारण केले जाई.

स्वतःचा स्वतंत्र ग्रंथ बास्सी यांनी प्रसिद्ध केला नाही. त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या नावाने एखादा नियम वा शोध रूढ झाला नाही. न्यूटन यांची भौतिकी इटलीतील अध्यापनात रुजविणे आणि प्रयोगाला शिक्षणात मानाचे स्थान मिळवून देणे हे त्यांचे मुख्य कार्य होय.

पत्रव्यवहार व शिष्य

यूरोपातील अनेक विद्वानांशी बास्सी यांचा पत्रव्यवहार होता. बोलोन्याच्या अकादमीचे सदस्यत्व मिळावे म्हणून फ्रेंच लेखक व्होल्तेर यांनी त्यांच्याकडे पत्राने विनंती केली होती आणि पुढे त्यांना ते मिळाले. विद्युत्‌शास्त्रज्ञ नोले व बेक्कारिया तसेच अलेस्सान्द्रो व्होल्टा यांचाही त्यांच्याशी पत्राने संबंध आला.

प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ लाझ्झारो स्पाल्लान्झानी हे बास्सी यांचे नातेवाईक होते. ते बोलोन्यात कायद्याच्या अभ्यासासाठी आले होते. परंतु बास्सी यांच्या सहवासात त्यांचा ओढा निसर्गविज्ञानाकडे वळला आणि त्यांनी कायद्याचा अभ्यास सोडून दिला. सजीव निर्जीव पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात या समजुतीविरुद्धच्या प्रयोगांमुळे पुढे त्यांचे नाव यूरोपभर झाले.

प्रायोगिक भौतिकीचे अध्यासन

विज्ञानसंस्थेतील प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापक पाओलो बाल्बी यांचे १७७२ साली निधन झाले. या अध्यासनासाठी बास्सी यांची पात्रता वादातीत होती. मात्र विवाहित स्त्रीला पतीपेक्षा वरचे पद देणे अनेकांना रुचत नव्हते. अखेर १७७६ साली सिनेटने बास्सी यांची प्रायोगिक भौतिकीच्या प्राध्यापकपदी नेमणूक केली आणि त्यांचे सहायक म्हणून त्यांचे पती वेरात्ती यांना नेमले.

या नेमणुकीच्या वेळी बास्सी चौसष्ट वर्षांच्या होत्या. पहिली नेमणूक झाल्याला ४४ वर्षे लोटली होती. ज्या विषयाचे अध्यापन त्यांनी घरी २७ वर्षे केले होते, तो विषय एका सार्वजनिक संस्थेत, स्वतःच्या अधिकारात शिकविण्याची संधी त्यांना आता मिळाली. पहिल्या नेमणुकीत पद होते, पण काम नव्हते. या नेमणुकीत काम हेच पदाचे कारण होते.

मृत्यू

हे अध्यासन बास्सी यांना दोन वर्षेही लाभले नाही. २० फेब्रुवारी १७७८ रोजी बोलोन्या येथे त्यांचे निधन झाले. डॉक्टरपदाच्या चिन्हांसह त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि शहरातील कोर्पुस दोमिनी या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. प्राणिविद्युतेचे संशोधक लुईजी गॅल्व्हानी यांचीही समाधी याच चर्चमध्ये आहे. बास्सी यांच्या पश्चात प्रायोगिक भौतिकीचे अध्यासन वेरात्ती यांच्याकडे गेले.

समकालीन व नंतरच्या विदुषी

बास्सी यांच्या उदाहरणानंतर बोलोन्याने आणखी काही स्त्रियांना मान्यता दिली. मिलानच्या गणितज्ञ मारिया गाएताना आन्येसी यांना १७५० साली पोपच्या पुढाकाराने गणिताचे मानद पद देण्यात आले. त्या मात्र शिकविण्यासाठी बोलोन्यास कधी आल्या नाहीत. आन्ना मोरान्दी मान्झोलिनी या मेणाच्या शारीररचनात्मक प्रतिकृती घडवीत आणि त्यांवरून शारीरविज्ञान शिकवीत. क्लोतिल्दे ताम्ब्रोनी यांना १७९३ साली ग्रीक भाषेचे अध्यापनपद मिळाले. मारिया दाल्ले दोन्ने यांनी १७९९ साली वैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे सुईणींच्या शाळेचे प्रमुखपद सांभाळले.

तरीही ही सारी उदाहरणे अपवादात्मकच राहिली. प्रत्येक वेळी एका विशिष्ट स्त्रीसाठी विशेष निर्णय झाला. विद्यार्थिनींसाठी सर्वसाधारण प्रवेशाचा नियम झाला नाही. बास्सी यांच्या घरच्या वर्गांतील विद्यार्थीही विद्यापीठाच्या रीतीप्रमाणे पुरुषच होते. स्त्रियांना इटलीतील विद्यापीठांची दारे रीतसर खुली होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

विद्यापीठाची पुढील वाटचाल व स्मृती

नेपोलियनच्या काळात, १८०३ साली, बोलोन्या विद्यापीठ आर्किजिन्नासियोतून पोज्जी प्रासादात, म्हणजे विज्ञानसंस्थेच्या इमारतीत हलविण्यात आले. ग्रंथांवरील व्याख्याने आणि प्रयोग यांतील ज्या दुराव्यामुळे मार्सिली यांना वेगळी संस्था काढावी लागली होती, तो अशा रीतीने संपला. बास्सी यांनी आपल्या घरात या दोन्ही गोष्टी त्यापूर्वी अर्धशतक एकत्र आणल्या होत्या.

आर्किजिन्नासियोच्या इमारतीत एकोणिसाव्या शतकापासून नगर ग्रंथालय आहे. तेथील शारीरविज्ञानाचे नाट्यगृह दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४४ मधील बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर मूळचे लाकूड व पुतळे शक्य तितके वापरून ते पुन्हा उभारण्यात आले. पोज्जी प्रासादात आज विद्यापीठाचे संग्रहालय असून विज्ञानसंस्थेच्या काळातील उपकरणे व मेणाच्या प्रतिकृती तेथे पाहावयास मिळतात.

बोलोन्यातील एक रस्ता आणि एक विद्यालय यांना बास्सी यांचे नाव देण्यात आले आहे. शुक्र ग्रहावरील एका विवराला तसेच ध्रुवीय प्रदेशांत संशोधन करणाऱ्या एका इटालियन जहाजालाही त्यांचे नाव आहे.